मातीचं गाणं रेडिओवर

सहदेव अवसरमोलचं गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागलं, तेव्हा तो मेहकरच्या स्टँडवर उसाचा रस पीत उभा होता. आणि त्यानं पहिलं काम काय केलं, तर आपल्या मंडळीतलं कोणी जवळपास तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं पाहिलं. अहो, स्वतःचा आवाज रेडिओतून आला तर माणूस नाचतो, पेढे वाटतो, निदान रसवाल्याला तरी सांगतो की बाबा, हा मी. सहदेवनं ग्लास अर्धाच ठेवला आणि जानेफळच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून बसला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्याचं कारण ते गाणं. जानेफळात ख्रिस्ती मंडळीची घरं बावीस. पत्र्याचं एक प्रार्थनामंदिर, मेहकरहून रविवारी येणारे पाळकसाहेब, आणि पेटीवर हा सहदेव. त्यांची उपासनेची गाणी छापील पुस्तकातली, पण एक गाणं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते सोजराबाईचं. सारं गाव तिला सोजरामाय म्हणायचं. चाळीस वर्षांपूर्वी तिची नऊ वर्षांची लेक रिबका तापात गेली, तेव्हा शवपेटीच्या उशाशी बसून तिनं ते आपसूक म्हटलं:

‘दार उघडं, दिवा लावला, येशू उभा दारी गं,
पांढरा झगा घालून निघाली लेक माझी घरी गं.’

तेव्हापासून मंडळीत कोणीही गेलं की माती द्यायच्या दिवशी हेच गाणं. गाणारा उशाशी उभा राहतो, एक ओळ म्हणतो, बाकीचे ती झेलतात. ज्याचं मरण असेल त्याचं नातं ‘लेक’च्या जागी बसतं. बाप माझा, बहीण माझी, नातू माझा. एरवी ते गाणं कोणी ओठावर आणत नाही. पोरासोरांनी गुणगुणलंच तर पाठीत धपाटा बसतो. म्हणून त्याचं नावच पडलं मातीचं गाणं.

सहदेवनं ते स्वतःच्या बापाच्या मातीला म्हटलं, आणि मग ती चाल काही केल्या त्याला सोडेना. मेहकरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गायचा. गळा चांगला. सारे चांगला म्हणायचे, पण ऐकायला कोण, तर जेवणाच्या पंगतीतली माणसं, तीही वरणाच्या बादलीकडं डोळे लावून. पस्तिशी आली आणि अजून आपल्याला कोणी नुसतं ऐकायला म्हणून ऐकलं नाही, हे दुःख त्याच्या मनात घर करून होतं. 

प्रसेनजित नावाच्या त्याच्या मित्रानं मेहकरात एका खोलीच्या भिंतींना अंड्याचे ट्रे ठोकून रेकॉर्डिंगची सोय केली होती. सोजरामाय थकली, गाणं तिच्यासोबत जायला नको, ते एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवू, असं दोघांचं ठरलं. इथवर मनात काही पाप नव्हतं, हे सहदेवच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. 

तो तिची परवानगी काढायलाही गेला. सोजरामायचे कान तोवर गेले होते. कानाला तोंड लावून ओरडलं तरच तिला ऐकू यायचं. गाणं उद्या फोनवर जाईल, कोण जाणे रेडिओवरही जाईल, असं त्यानं ओरडून सांगितलं, तर म्हातारीचा चेहरा फुलला. तिनं एकच अट घातली.

“गाणं घेऊन जाय, बाबू,” ती म्हणाली. “मले त्याचं काई नाई. पण त्याचं नाव तेवढं गेलं पायजे. पिंपळगाव राजापावतर, चिखलीपावतर, ज्याच्या त्याच्या घरात येशूचं नाव गेलं पायजे.”

सहदेवनं तिचा हात डोक्यावर ठेवून घेतला आणि शब्द दिला.

प्रसेनजितनं गाणं जसं होतं तसं नेटवर टाकलं. महिन्याभरानं पुण्याहून चंद्रशेखर नावाच्या माणसाचा फोन आला. गाण्यांची कंपनी होती त्याची, एफएमवाल्यांशी उठबस होती. बोलायला मोठा गोड. म्हणाला, चाल म्हणजे सोनं आहे, आवाज काळजात जातो. फक्त त्या नावामुळं गाणं भक्तिगीतात पडतं, आणि मग नाताळातले दोन दिवस सोडले तर त्याला कोणी विचारणार नाही. एवढा एक शब्द बदला, वर्षभर वाजेल. येशूच्या जागी साजण घाला, लेकीच्या जागी राणी, झग्याच्या जागी घागरा. चालीत बरोब्बर बसतात, त्यानं फोनवरच म्हणून दाखवलं.

नाही म्हणायला तोंड लागतं, आणि ते सहदेवला होतं. पण त्या तोंडानं त्या दिवशी ‘बघतो’ म्हटलं, आणि माणूस एकदा बघतो म्हणाला की तो करतोच. प्रसेनजितला हे पटलं नाही. तो मंडळीतला नव्हे, बुद्धविहारात जाणारा, पण त्यालाच जास्त लागलं. सोजरामाय काय म्हणंल बे, एवढंच त्यानं विचारलं.

सहदेव हेडफोन कानाला लावता लावता म्हणाला, “तिले कुठं आयकू येते.”

हे वाक्य पुढं त्याला जेवताना आठवायचं, दुकानात एखाद्या फोनचा स्क्रू काढताना आठवायचं, आणि दर वेळी अंगावर झुरळ चढल्यासारखा तो मान झटकायचा. बोलून बसलं की बोलून बसलं, जिभेला कुठं हाड असतं.

गाणं चाललं. असं चाललं की काय सांगू. ट्रॅक्टरवर, पानठेल्यावर, वरातीत, हळदीला. मेहकरात पोरं त्याच्यासोबत फोटो काढायला येऊ लागली. ज्या ओळीवर बावीस घरं रडत आली होती, त्या ओळीवर नवऱ्या मुलीच्या मावश्या फुगड्या घालू लागल्या. एफएमवाल्यांनी त्याला मुलाखतीला बोलावलं. बोलणारी पोरगी खट्याळ होती. तिनं विचारलं, ही दारात वाट पाहायला लावणारी राणी कोण हो? आता इथंही एक दार उघडं होतं. म्हणायचं होतं, बाई, ही एका म्हातारीची मेलेली लेक आहे. सहदेव हसला आणि म्हणाला, आहे एक, मेहकरच्या कॉलेजातली, बसमध्ये भेटली होती, बसमध्येच गाणं सुचलं.

ती मुलाखत मंडळीतली माणसं प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर एकत्र बसून ऐकत होती. आपल्या पोराचं कौतुक म्हणून मुद्दाम जमली होती, चहाचं आधण ठेवलं होतं. सहदेवची बायको पुष्पांजलीही त्यात. कॉलेजातली पोरगी ऐकल्यावर चहा तेवढा सगळ्यांनी प्यायला. घरी आल्यावर पुष्पांजली भांडली नाही, रडली नाही. गाणं तुमचं नव्हतं, मग सुचलं कुठून, एवढंच तिनं विचारलं आणि भाकरी थापायला बसली.

रविवारी सहदेव प्रार्थनामंदिरात गेला. वाटलं, आज आपली चांगली हजेरी घेणार. कोणी घेतली नाही. पेटीपुढं त्याची सतरंजी नेहमीसारखी अंथरलेली. बायबलात पेत्र या शिष्यानं येशूला नाकारलं तो उतारा त्या दिवशी आपसूक वाचनात आला असता तरी बरं झालं असतं, पण पाळकसाहेबांनी मुद्दाम दुसराच वाचला. त्या दयेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी त्याला बाजूला घेतलं. सोजरामायला हे तूच सांग, म्हणाले. आम्ही कोणी सांगणार नाही. तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. पण ती आम्हाला विचारणार नाही, कारण तिचा तुझ्यावर विश्वास आहे.

म्हणून तो गेला. सांगायचं ठरवूनच गेला, शपथेवर सांगतो. सोजरामाय अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. नवरा दयाराम खाटेवर पडून. तो प्रार्थनामंदिराची झाडलोट करायचा, घंटा वाजवायचा, आता हाडं राहिली होती. शेजारच्या गौसियाची शिलाई मशीन भिंतीपलीकडं खडखडत होती, आणि मशीनवरच्या फोनमधून नेमकं तेच गाणं चाललं होतं. साजण उभा दारी गं. म्हातारीच्या हातभर अंतरावर ते वाजत होतं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

सहदेव तिच्या कानाशी वाकला. पण तीच आधी बोलली. म्हणाली, सारं गाव सांगते तुह्यं गाणं लागते म्हणून, मलेच तेवढं नशिबात नाई. तुह्या तोंडानं म्हणून दाखव बाबू, जसं रेडिओवर लागते तसंच्या तसं. आणि तिनं कानावरचा पदर मागं सारला, पांढरे केस मागं सारले, आणि कान पुढं केला.

त्या कानाशी सहदेवनं गाणं म्हटलं. ‘येशू उभा दारी गं’ म्हटलं. ‘लेक माझी घरी गं’ म्हटलं. आवाज जराही कापला नाही, मेल्याचा गळाच तेवढा चांगला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि भिंतीपलीकडं हाक दिली, “गौसिया, आयकलं का व? माह्या प्रभूचं नाव रेडिओवर जाऊन राह्यलं!” 

मशीन थांबली. गौसियानं भिंतीवरून डोकं काढलं, एकदा सहदेवकडं पाहिलं. हाव माय, म्हणाली, आणि फोन बंद केला.

तो परत निघाला तेव्हा गौसिया गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ओढणी डोक्यावर ओढून हळूच म्हणाली, भैय्या, ती रोज विचारते. मी हाव हाव म्हणते. आमच्यात पण खोटं बोलणं गुनाह हाय. तुमी सांगून द्या. सहदेवनं मान हलवली. पुढच्या खेपेला, म्हणाला.

पुढची खेप वर्षभर आली नाही. सोजरामायनं मात्र वर्षभर गाव पालथं घातलं. पीठगिरणीवर, दवाखान्याच्या ओट्यावर, बचत गटात, भेटेल त्याला सांगायची. आमच्या येशूचं गाणं हर बसमंदी लागते. नाव ऐकलं ना तुमी? समोरच्या कडूबा पाटलाला तर तिनं चार वेळा सांगितलं. कडूबा शेतकरी गडी, विठ्ठलाची मूर्ती देवघरात पुजणारा. पोराच्या लग्नात त्याच गाण्यावर तो स्वतः नाचलेला. तो टोपी काढायचा आणि म्हणायचा, ऐकलं ना माय, लय चांगलं हाय. साऱ्या गावानं एका म्हातारीसाठी मूग गिळले. गाव काही इतकं भलं नसतं एरवी, बांधाच्या वीतभर जागेसाठी डोकी फोडतं. पण त्या गाण्यापायी ते वर्षभर भलं राहिलं, आणि या सगळ्या भलेपणाचं ओझं एकट्या सहदेवच्या मानेवर पडलं. मेहकरातच मुक्काम करून जानेफळला घरी येणं त्यानं कमी केलं. आला तर सोजरामायच्या गल्लीनं जाईना. 

फेब्रुवारीत दयाराम गेला. सकाळी चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि गेला. पाळकसाहेबांचा फोन आला, बारा वाजता माती आहे, सोजरामायनं तुझंच नाव घेतलं. सहदेव मोटरसायकलवर बसला. वाटेनं त्यानं एकच घोकणं चालवलं. नातं चुकायला नको. स्टेजवर दोनशे वेळा राणी माझी म्हटलेली, आज धनी माझा म्हणायचंय. धनी माझा, धनी माझा. घागरा नव्हे, झगा. झगा घालून निघाला धनी माझा. जानेफळ येईस्तोवर ती ओळ त्यानं पक्की केली.

अंगणात शवपेटी ठेवलेली. मंडळी सारी जमलेली, पांढऱ्या कपड्यांत. कुंपणाच्या कडेनं गाव उभं. कडूबा टोपी हातात धरून, गौसिया आणि तिचा नवरा मतीन, दुकान बंद करून आलेले आणखी दहापाच. सोजरामाय ताठ बसली होती. साठ वर्षांचा संसार समोर झाकलेला होता, पण तोंडावर ओढायचा पदर तिनं खांद्यावरच ठेवला होता. रडणं चाललं होतं, पण तोंड उघडं होतं. येणाऱ्या शेजाऱ्यांना ती सांगत होती, हे पाहा, रेडिओवालं गाणं ते हेच. आमचा सहदेव म्हणंल, तुमी मागून म्हणा, तुम्हाले येतेच. मग ती उठली, उशाशी त्याच्या बाजूला आली, आणि नेहमीसारखा कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

सहदेवनं डोळे मिटले. मनात धनी माझा, धनी माझा. ती दुसरी ओळ त्यानं जिवापाड सांभाळून धरली होती, आणि पहिलीकडं त्याचं लक्षच नव्हतं. तोंड उघडलं आणि वर्षभराची सवय झालेल्या गळ्यानं आपलं काम केलं.

‘दार उघडं, दिवा लावला, साजण उभा दारी गं.’

मंडळीनं ओळ झेलली नाही. बावीस घरांची माणसं, एकाचंही तोंड उघडलं नाही. ओळ झेलली ती कुंपणावरच्या लोकांनी. त्यांना हीच येत होती. म्हातारीनं सांगितलं तसं, मयताचा मान राखून, मान खाली घालून, हळू आवाजात त्यांनी म्हटलं, साजण उभा दारी गं. कडूबानंही म्हटलं. मग त्यांनाच काहीतरी उमगलं आणि तेही गप्प झाले.

सहदेवनं डोळे उघडले. सोजरामायचा कान अजून तिथंच होता.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

अजूनही वाट होती. पुन्हा म्हणताना नाव घातलं असतं, तर आपलेच कान फसले असं म्हातारीनं मानून घेतलं असतं. मंडळीनंही ओळ झेलली असती, माती नीट पार पडली असती. सहदेवला ती वाट लख्ख दिसत होती. पण त्या सुरकुतल्या कानाशी एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि पुन्हा बोलायला त्याचं तोंड वळेना. आणि म्हातारी बहिरी, म्हणून हे कुजबुजून सांगायचीही सोय नव्हती. साऱ्या अंगणात ऐकू जाईल असं ओरडूनच सांगावं लागलं.

“साजण हाय, माय. रेडिओवर पहिल्यापासून साजणच हाय. येशूचं नाव मी काढलं.”

तिनं विचारलं, “अन् त्या दिवशी माह्या कानाशी म्हटलं ते?”

“ते खोटं म्हटलं.”

त्याला वाटलं, आता ही मारते. मारावं असंही वाटलं. पाय धरायला तो खाली वाकला, पण ती त्याच्याकडं पाहतच नव्हती. ती कुंपणाकडं पाहत होती.

“गौसिया,” ती म्हणाली, “तुले ठाव होतं?”

गौसियानं ओढणी दातांत धरली आणि हो म्हणून मान हलवली.

“अन् कडूबा, तुले?”

कडूबा हातातल्या टोपीकडं पाहत राहिला. मग म्हातारीची नजर एकेकावरून फिरली. गिरणीवाला, बचत गटातल्या बाया, मतीन, पाळकसाहेब. ज्याच्यावर नजर जाई तो खाली पाही. वर्षभरात कोणाकोणाला काय काय सांगितलं, ते तिला एकेक करून आठवत असावं.

“म्हंजे साऱ्याइले ठाव होतं,” ती म्हणाली. “मीच येकटी सांगत फिरून राह्यली.”

पाळकसाहेब पुढं आले, दुसऱ्या कोणीतरी गाणं उचलावं असं त्यांनी खुणेनं सांगितलं. सोजरामायनं हात हलवून नको म्हटलं. मग तिनं खांद्यावरचा पदर उचलला आणि तोंडावर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. नवरा गेला तेव्हा तिनं तोंड झाकलं नव्हतं. पदराआडून तिनं एवढंच म्हटलं, “उचला.”

शवपेटी उचलली. सहदेव सवयीनं खांदा द्यायला पुढं झाला, आणि कोणी त्याला अडवलं नाही. त्या मंडळीत गाण्याविना गेलेलं माणूस चाळीस वर्षांत एकही नव्हतं, दयाराम पहिला. बाजारपेठेतून नुसत्या चपलांचा आवाज जात होता. सहदेवला मागं वळून पाहायचं धाडस नव्हतं, पण वळणावर त्याला दिसलंच. सोजरामायनं तोंडावरचा पदर काढला नव्हता, आणि रस्ता दिसत नव्हता म्हणून गौसिया तिला हात धरून चालवत होती.